शॉवरवरची द्राक्षवेल

सातपूर, नाशिक
१६ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. निकितास,
अनेक आशीर्वाद. (‘सौ.’ लिहायला मला दोन वर्षं लागली.) इकडे सगळे खुशाल. थंडी पडली आहे. तुझी आई सकाळपासून गुडघ्यांवर चिडलेली असते, म्हणजे बरी आहे.

पत्र बाथरूमच्या छताबद्दल आहे. तू दहावीत हट्ट केलास म्हणून मी शॉवरच्या वर पीओपीची द्राक्षवेल केली. ओलाव्यात पीओपी टिकत नाही, हे गिऱ्हाइकांना सांगून माझी जीभ झिजली होती. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान! दर दिवाळीला गळलेले घड पुन्हा चिकटवत आलो. तू हर्षलशी लग्न करून मालेगावला गेलीस, तेव्हापासून हात लावला नाही. परवापर्यंत गरम पाण्याची वाफ वर चढली की वेल हलल्यासारखी दिसायची, पानं मोठी मोठी होत जायची, कपाळावर थेंब पडायचा. वाटायचं, बाहेरून तू कडी वाजवतेस, “अप्पा, आवरा ना, बस चुकेल माझी!” मी शॉवर बंद करून ऐकत उभा राहायचो.

सोमवारी मोठा घड खाली आला. आई ओरडली, “उद्या बाळंतिणीच्या डोक्यात पडला म्हणजे?” तेव्हा मला कळलं. तुला सातवा लागला म्हणे. तुम्ही मायलेकी माझ्या चोरून फोनवर बोलता, तेही कळलं.

मग छत बघत हिंडलो. ओलाव्याचं म्हणून जिप्सम मिळतं, पण रोजची थेट वाफ त्याला सोसणार नाही. सिमेंट बोर्ड चालेल, पण त्याला रंग आलाच, आणि रंगाला पुन्हा बुरशी. बाळंतिणीला सव्वा महिना कढत पाणी लागतं, बाळाची अंघोळ वेगळी. पीव्हीसीच बरं. पाणी पीत नाही, पुसलं की झालं. हे तुझा बाप लिहितोय, ज्याने “प्लास्टिकची छतं लावणारा जावई नको” म्हणून हर्षलला दारातून परत पाठवलं. चुकलो मी, बाळा. तू चपला हातात घेऊन जिना उतरलीस. त्या दिवशी मी आत बसून राहिलो, ते अजून टोचतं.

हर्षलरावांना सांग, माप आठ बाय पाच. दुसऱ्या कुणाचा हात मी लागू देणार नाही. वेल काल उतरवली. एक घड तेवढा कपाटात ठेवलाय, बाळाला दाखवायला. पहिलं बाळंतपण माहेरीच होतं, हे काय मी सांगायला हवं?

वर नुसता स्लॅब ठेवून वाट बघणारा,
तुझा अप्पा