तिसऱ्या गाण्यातली उशिरा येणारी बाई

मी, व्हर्ली फ्युगेट, वय वर्षे पंचाहत्तर, धंदा बायकांचे केस कापणे व कुरळे करणे (आता बंद), राहणार लिक फोर्क, केंटकी, माझी बुद्धी शाबूत असताना, कोणाच्या धाकाने किंवा भिडेने नव्हे तर राजीखुशीने, पुढील मजकूर माझी अखेरची इच्छा म्हणून लिहून ठेवीत आहे. गुडघे कामातून गेले आहेत, पण त्याने मृत्युपत्राला बाध येत नाही असे आमच्या वकिलांनी सांगितले. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात माझ्या यजमानांना बरेच काही ठेवले होते, परंतु ते माझ्या आधी गेले, आणि तेही मला न विचारता. सबब ते मृत्युपत्र रद्द समजावे.

वकिलांचे म्हणणे, मालमत्तेपुरते लिहा, गप्पा नकोत. जन्मभर मी गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे उभी राहून गप्पा मारल्या. आता एकदम आवरते घ्यायला जमणार नाही. ज्यांना केवळ मालमत्तेत रस आहे त्यांनी प्रत्येक कलमाचे पहिले वाक्य वाचून पुढे जावे.

कलम पहिले. माझे राहते घर, त्याला लागून असलेले पार्लर, व्हरांडा, व्हरांड्यातला झोपाळा आणि डावीकडे ओढणारी मोटार हे सर्व माझी धाकटी बहीण नीवा हिला मिळावे. तिचे यजमान गेल्यापासून ती माझ्याकडेच राहते, त्यामुळे तिला सामान हलवावे लागणार नाही. या कलमाला मी एक अट घालणार होते. रात्रभर विचार करून ती काढून टाकली. घर बिनशर्त तिचे आहे. अटीऐवजी एक विनंती आहे, ती शेवटच्या कलमात केली आहे.

कलम दुसरे. बँकेत जे काही असेल त्यातून माझी माती करावी आणि उरेल ते आमच्या चर्चला द्यावे, जेवणाच्या मांडवाचे छप्पर नीट करण्यासाठी. त्या पैशांतून कोणी पियानो आणायचा नाही. आमच्या चर्चमध्ये आजवर वाद्य शिरलेले नाही, आणि ते माझ्या पैशाने शिरले तर मला वर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

कलम तिसरे. पार्लरमधले, डोक्यावर टोपीसारखे घालायचे तीन ड्रायर गावच्या लायब्ररीला द्यावेत. या गावातल्या बायका पुस्तक वाचतात ते त्याखाली बसूनच, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. खिडकीजवळची लाल खुर्ची डेल्फा कॉडिल हिला द्यावी. होय, तीच डेल्फा, गायिका. बाहेरच्या लोकांना ती आता सोनेरी केसांची आणि चमचमत्या जाकिटाची म्हणून माहीत आहे, पण तिचे पहिले कुरळे केस याच खुर्चीत झाले आणि तिचा पहिला अल्बमही याच खुर्चीत बसून गायलेला आहे. तो सोनेरी रंगही माझाच. खरा रंग मी मृत्युपत्रातसुद्धा सांगणार नाही.

कलम चौथे. डेल्फाचा तो पहिला अल्बम, 'खिडकीपाशी', त्याची माझ्याकडची मूळ रेकॉर्ड, कव्हरसकट, मरिंडा काँब्ज या बाईंना द्यावी. मरिंडा कोण आणि नीवाला सोडून तिला का, हे सांगायला थोडे मागे जावे लागेल.

एकोणीसशे अडुसष्ट साली डेल्फा एकोणीस वर्षांची होती. नॅशव्हिलच्या एका छोट्या रेकॉर्ड कंपनीचा माणूस रेकॉर्डिंगचे मशीन घेऊन आला आणि गावात शांत जागा कोणती म्हणून विचारू लागला. सोमवारी माझे पार्लर बंद असे. मी पंखा बंद केला, फ्रीजची वायर काढली, दारावर पाटी लावली. डेल्फा गिटार घेऊन लाल खुर्चीत बसली, मी आणि नीवा मागे उभ्या राहिलो, साथीला. मी वरच्या पट्टीत, नीवा खालच्या. कव्हरवर आमची नावे नाहीत, नुसते 'मैत्रिणी' असे छापले आहे.

पहिली दोन गाणी ठीक झाली. तिसरे 'पल्याडचा दिवा'. आता आमच्या चर्चमध्ये गाण्याची रीत अशी की एल्डर, म्हणजे प्रार्थना चालवणारा वडीलधारा, आधी एक ओळ भरभर म्हणून देतो, आणि ती संपली की बाकीचे सगळे तीच ओळ सावकाश ओढून गातात. त्याची ओळ पुरी व्हायच्या आत तोंड उघडणे हा उद्धटपणा. नीवा लहानपणापासून याच रीतीने गात आलेली. डेल्फाने डोळे मिटून ओळ म्हटली, तिचा सूर थेट चर्चमधला लागला, आणि नीवा आपोआप थांबली. डेल्फाची ओळ संपल्यावर, आम्ही दोघी पुढच्या ओळीवर गेल्यावर, मागून एकटी नीवा आली. अख्खे गाणे तशीच, एक ओळ मागे.

मशीनवाला म्हणाला, "पुन्हा घेऊ या. त्या बाईंना सांगा, जरा वेळेवर या."

डेल्फा म्हणाली, "अजिबात नको. ती बरोबर आली आहे. मीच पुढे पळाले."

ते तसेच राहिले. रेकॉर्ड निघाली, आणि एका सकाळी रेडिओवरच्या माणसाने ते गाणे लावले. गाणे संपल्यावर हसत म्हणाला, "मंडळी, ती मागची बाई झोपली होती वाटतं. कुणीतरी तिला कॉफी द्या हो!"

तेव्हा माझ्या खुर्चीत एक गिऱ्हाईक होते, ड्रायरखाली दोघी. सगळ्या खो खो हसल्या. त्यांना कुठे माहीत, ती बाई तिथेच केर काढत होती. नीवाने केर भरला, झाडू जागेवर ठेवला आणि मागच्या दाराने घरी गेली. संध्याकाळी मला म्हणाली, "तो आवाज माझा आहे हे जिवंत असेपर्यंत कुणाला सांगणार नाहीस, असं म्हण." मी म्हटले. त्यानंतर ती कधी गायली नाही. चर्चमध्येही नाही. एल्डर ओळ देतो, सगळे गातात, आणि माझी बहीण ओठ मिटून बसते. शेजारी बसून मी ते दर रविवारी ऐकत आले आहे, म्हणजे न ऐकत आले आहे, आणि मला त्याचे अजून वाईट वाटते.

मी शब्द पाळला आहे. (वकिलांना सांगितले ते धरत नाही, ते गुपित पोटात ठेवण्याचेच पैसे घेतात.) हे वाचले जाईल तेव्हा मी जिवंत नसेन, तेव्हा नीवाने डोळे वटारू नयेत.

डेल्फा पुढे मोठी झाली आणि तिच्या चाहत्यांचा दर जुलैत आमच्या गावच्या मैदानावरच्या मांडवाखाली मेळावा भरू लागला. ओहायोहून, टेनेसीहून, कुठून कुठून लोक आपापली भांडी झाकून घेऊन येतात, जेवतात आणि पहिल्या अल्बमवर भांडतात. नंतरच्या अल्बमांवर कोणी भांडत नाही, ते सगळ्यांना आवडतात. एकाचे मत, पाचव्या गाण्यात फ्रीज ऐकू येतो. (मी स्वतः वायर काढली होती. ती कोळशाची गाडी आहे.) एकीचे मत, डेल्फाला त्या दिवशी सर्दी होती. (सर्दी नव्हती. मी तिच्या कपाळावरच्या बटा फार आखूड कापल्या म्हणून ती रडली होती.) पण खरे भांडण तिसऱ्या गाण्यातल्या उशिरा येणाऱ्या बाईवर. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीने अल्बम पुन्हा काढला, तेव्हा आमचे आवाज पुसून तिथे वेळेवर येणाऱ्या पगारी बायका घातल्या. तेव्हापासून मांडवाखाली दोन टेबले पडतात, 'जुने' आणि 'स्वच्छ', आणि गोडाचे भांडेसुद्धा या टेबलावरून त्या टेबलावर जात नाही.

'स्वच्छ' टेबलाचे पुढारी डेन्व्हर स्लोन. मूळचे इथलेच, पण उमेदीची वर्षे ओहायोत डेटनला फ्रीजच्या कारखान्यात काढल्यामुळे त्यांना सगळे जागच्या जागी लागते. नीवा मुद्दाम त्यांच्या टेबलावर बसते. स्वतःचा आवाज पुसलेला अल्बम चांगला, असे तिचे मत आहे. मी समोरच्या टेबलावरून हे बघत बसते.

गेल्या जुलैतली गोष्ट. डेन्व्हर नीवाच्या हातचे चिकन आणि डंपलिंग चापता चापता बोलत होते.

"मी काय म्हणतो, एवढं सुंदर गाणं, आणि मागून ती म्हैस हंबरते! कोण होती ती बाई? घड्याळ नव्हतं का तिच्याकडे?"

"अजून वाढू?" नीवा म्हणाली.

"वाढा, वाढा. तुम्हीच सांगा नीवाबाई, पुसली ते बरं झालं की नाही?"

"बरं झालं," नीवा म्हणाली आणि केक कापायला उभी राहिली. आमच्याकडचा थरांचा केक, वाळवलेल्या सफरचंदांचा.

तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक बाई उठली. पहिल्यांदाच आली होती, हॉस्पिटलात रात्रपाळीची नर्स आहे असे मागाहून कळले. तीच ही मरिंडा. ती काही भांडायच्या तयारीने आलेली नव्हती.

ती म्हणाली, "पुसली ते बरं झालं? अहो, माझी आई गेली तेव्हा मी महिनाभर तेवढंच एक गाणं लावायचे. त्या बाईसाठी. बाकी सगळे गाऊन पुढे निघून जातात हो. ती जात नाही. मला वाटायचं, ही माझ्यासाठी मागे थांबलीय. तुमचं ते स्वच्छ मी एकदा ऐकलं आणि परत केलं. त्यात माझ्यासाठी कुणीच थांबत नाही."

डेन्व्हरांचा चमचा वरच्या वर राहिला. मी नीवाकडे पाहिले. सुरी केकमध्ये अर्धी गेलेली, आणि नीवा तशीच उभी. मग तिने एक तुकडा कापला, चांगला दोघांना पुरेल एवढा, तो बशीत घालून 'स्वच्छ' टेबलावरून 'जुन्या' टेबलाला वळसा घालून गेली आणि मरिंडाच्या हातात दिला.

"खा," म्हणाली. "रात्रपाळी करतेस, अंगावर मांस नाही."

घरी येताना मोटार मी चालवत होते. नदीच्या वळणावर शेजारून काहीतरी ऐकू आले. अर्धीच ओळ. गुणगुणल्यासारखी. मी मान वळवली.

"काय बघतेस?" नीवा खेकसली. "रस्त्याकडे बघ. आधीच डावीकडे ओढते ही."

मी रस्त्याकडे बघितले, पण मला तो धड दिसत नव्हता. यास्तव ती रेकॉर्ड मरिंडाची. नीवाला रेकॉर्डची गरज नाही, तिच्याकडे मूळ आवाजच आहे.

कलम पाचवे. डेन्व्हर स्लोन यांना काहीही मिळू नये. मृत्युपत्राच्या साक्षीदाराने त्यातला वाटा घेऊ नये असे वकिलांनी समजावून सांगितले, तेव्हा मी लगेच त्यांनाच साक्षीदार म्हणून बोलावले. साक्षीदाराने फक्त माझी सही बघायची असते, मजकूर वाचायचा नसतो, हेही वकिलांनी सांगितले. त्यामुळे म्हैस कोण हे त्यांना सर्वांच्या देखत, वाचनाच्या वेळीच कळेल. त्या वेळी त्यांना बसायला खुर्ची द्यावी. माणूस वाईट नाही, आणि हृदयाचा त्रास आहे.

कलम सहावे व शेवटचे, माझ्या मातीसंबंधी. मला टेकडीवरच्या आमच्या घराण्याच्या जागेत, आईच्या पायाशी पुरावे. एल्डर एल्झी यांनी प्रार्थना करावी, आपल्या रीतीची गाणी म्हणावीत आणि थोडक्यात आटपावे. ते थोडक्यात आटपणार नाहीत हे मला ठाऊक आहे, म्हणून जमलेल्यांनी छत्र्या आणाव्यात. त्यांचे झाले की डेल्फाने पुढे यावे, गिटार न घेता, आणि 'पल्याडचा दिवा'ची पहिली ओळ चर्चमधल्या रीतीने म्हणून द्यावी.

मग कोणी गायचे नाही. 'जुन्यां'नी नाही, 'स्वच्छां'नी तर नाहीच. डेल्फानेही पुढे पळायचे नाही. सगळ्यांनी नीवासाठी थांबायचे.

नीवा, ही अट नव्हे. घर तुझेच आहे, तू तोंड उघडलेस तरी आणि नाही उघडलेस तरी. रेडिओवरचा तो माणूस एकदा हसला आणि तू त्याचे आयुष्यभर ऐकलेस. आता एकदा माझे ऐक. तू उशिरा येशील. ये. मला त्या दिवशी दुसरीकडे कुठे जायचे नाही.

वरील मजकूर मी स्वतः सांगितला, वकिलांनी नाक मुरडत लिहून घेतला, आणि मी तो पुन्हा वाचून पाहिला. मला मान्य आहे.

ठिकाण: लिक फोर्क, केंटकी, माझे स्वयंपाकघराशेजारचे टेबल
तारीख: ९ सप्टेंबर २०१९

(सही) व्हर्ली फ्युगेट

आमच्या समक्ष व्हर्ली फ्युगेट यांनी पूर्ण शुद्धीत सही केली. आम्ही मजकूर वाचलेला नाही.

साक्षीदार १: (सही) एल्डर एल्झी हॅमंड्स

साक्षीदार २: (सही) डेन्व्हर स्लोन

साक्षीदार २ यांची सही एकदा खोडून पुन्हा केलेली आहे. वकिलांच्या सांगण्यावरून त्याचे कारण साक्षीदार स्वतःच्या अक्षरात देत आहेत:

सही करताना स्वयंपाकघरात रेडिओवर डेल्फाचं गाणं लागलं होतं आणि आत कोणीतरी बाई त्याच्या मागोमाग गात होत्या, जरा उशिरानं. तिकडे लक्ष गेलं आणि पेन घसरलं. आवाज फार चांगला होता. कोण गातंय म्हणून विचारलं, तर व्हर्लीबाई म्हणाल्या, सही करा, नंतर कळेल. — डे. स्लोन