मोतीरामच्या भाजीतलं मीठ

सोमवार, १० नोव्हेंबर
वही, माफ कर. पंधरा दिवस तुला हात लावला नाही — नातीच्या काळजीत होतो. रेवती पुण्याची नोकरी सोडून इथे देऊळगाव राजाला आली आहे. अ‍ॅप बनवते. हॉटेलांबद्दल लोक तीन-चार साइटींवर जे लिहितात, ते सगळं एका जागी दिसणार. माझी शाळा सातवीपर्यंत, तरी मलाच वाचायला बसवते. ‘आबा, तुम्हाले समजलं म्हणजे सगळ्याईले समजते!’

मंगळवार, ११
समजलं! पण मोतीरामच्या हॉटेलाला पाचपैकी अडीच स्टार. चाळीस वर्षांचा मित्र!

बुधवार, १२
त्याला कोणीतरी दाखवलंच. बसस्टँडवर सगळ्यांसमोर ओरडला — ‘शेष्या, तुही नात मले बुडवून राह्यली बे!’
रेवतीला म्हटलं, वाईट तेवढं काढून टाक.
‘वाईट काढलं तं अ‍ॅप काय कामाचं, आबा?’
जेवलो नाही.

गुरुवार, १३
ठरवलं, एकेक खोटं पाडतो. चष्मा पुसून बसलो. एका साइटीवर — भाजीत मीठ दोनदा पडलं. दुसरीवर — काय पाहिजे ते तीनदा विचारलं. तिसरीवर — चहा सांगितला, मालक विसरले. तारखा पाहिल्या. सगळं गणपतीनंतरचं. त्याआधी नुसतं कौतुक.
वेगवेगळं वाचलं तर साध्या तक्रारी. एकाखाली एक वाचलं तर सगळीकडे एकच — विसरणं. गेल्या आठवड्यात त्याने मलाही ‘चहा घेतला का’ लागोपाठ दोनदा विचारलं होतं. मी थट्टा समजलो!

शुक्रवार, १४
रेवतीचा फोन घेऊन त्याच्याकडे गेलो. आधी बोलेना. मग स्वतःच वाचलं.
‘मले वाटे, गिऱ्हाईकच खोटं बोलते.’ मग हळूच — ‘घरी सांगू नको.’
मी त्याच्या मुलाला सांगितलं! चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याचं ऐकलं नाही. मुलगा त्याला सोमवारी जालन्याला डॉक्टरकडे नेणार. तोवर हॉटेल बंद.

मंगळवार, १८
मोतीरामचा फोन! रक्तात बी-बारा व्हिटॅमिन फार कमी निघालं, विसरणं त्यामुळेच. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनं घेतली की बहुतेक सुधारेल.
‘हॉटेल उघडलं का मीठ तूच टाकजो बे. घरी रिकामाच तं बसतं.’
आणि ठेवला फोन. कोणत्या दिवशी उघडणार, ते सांगितलंच नाही. मी सदरा धुऊन तयार आहे. मोतीराम, लवकर कळव!