अजिमभाईंना न मारलेला डोळा

काळेवाडी

मालोजीराव यांस इकबालचा सलाम, आणि लगोलग तुमचा रामरामही. तुमचा गुडघा देहूच्या घाटाच्या पायऱ्या उतरू देतो का, रुक्मिणीवहिनींची साखर ताब्यात आहे का (तुमची विचारत नाही, तुम्ही खरं सांगणार नाही), ते कळवावे. मी दवाखान्यातून घरी आलो आहे, दोन्ही वेळ जेवतो आहे आणि गॅरेजात खुर्ची टाकून दुसऱ्यांच्या कामाला नावं ठेवतो आहे, म्हणजे तब्येत सुधारतेच आहे. फोनच केला असता, पण सध्या प, ब आणि म ही अक्षरं ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून हवा होऊन निसटतात. ऐकणाऱ्याला वाटतं, तोंडात तंबाखू धरून बोलतोय.

झालं होतं असं, की माझ्या उजव्या कानामागे, मेंदूला लागून, ऐकण्याच्या नसेवर गाठ होती. साधी गाठ, कॅन्सरची नव्हे, पण काढणं भाग होतं. विजयश्री मॅडम म्हणून मेंदूच्या डॉक्टर आहेत, त्यांनी सगळं चित्र काढून समजावलं. डोकं तीन टोकांच्या पकडीत घट्ट धरणार, केसभर हलू देणार नाही; काखेखाली, कोपराखाली, दोन गुडघ्यांच्या मध्ये गाद्या ठेवणार; आणि मला कुशीवर झोपवणार. (उभा जन्म गाडीखाली उताणा काढलेला माणूस मी, त्यामुळे ही पद्धत मला जरा संशयास्पद वाटली.) पण ‘कुशीवर’ ऐकताच आमच्या बेगम कमरुन्निसाच्या डोळ्यांना धार लागली. आमच्यात माणसाला कबरीत कुशीवर निजवतात. रडता रडता तिने हळूच विचारलं, कोणत्या कुशीवर? मॅडम म्हणाल्या, गाठ उजवीकडे आहे, म्हणजे डाव्या. तिने लगेच पदराने डोळे पुसले आणि सही कुठे करायची ते विचारलं. कबरीत उजव्या कुशीवर ठेवतात. डावी म्हणजे अजून वेळ आहे, असा तिचा हिशेब. डाव्या कुशीचा हा फायदा मॅडमच्या पुस्तकात नसावा.

गाठ निघाली. इतका वेळ अंगाखाली दबलेल्या डाव्या हाताला मुंग्या आल्या होत्या, त्या गेल्या. पण चेहऱ्याची नस त्या गाठीला चिकटलेली, सोडवताना ती ताणली गेली. तुटलेली नाही, काही महिन्यांत परत येईल असं मॅडम म्हणतात, आणि माझा त्यांच्यावर भरवसा आहे. तोवर तोंडाची उजवी बाजू संपावर आहे. उजवा डोळा मिटत नाही. दिवसा त्यात थेंब घालायचे, रात्री चिकटपट्टीने बंद करायचा. आता माणूस पापणी लववायचा काही थांबत नाही. मी लववली की एकटा डावा डोळा मिटतो, आणि समोरच्याला वाटतं, इकबालने डोळा मारला. आमच्या भाजीवाल्या सरूबाईंनी तर पिशवीत टाकलेली कोथिंबीर परत काढून घेतली आणि “वय बघा सायेब,” म्हणाल्या.

हेही सोसलं असतं. पण आमच्या लेकीच्या, अलमासच्या लग्नाची बोलणी चालू होती. ती चाकणला कंपनीत क्वालिटीला आहे, मुलगा मोईज तिथेच. मोईज म्हणजे चिंचवडच्या स्पेअर पार्टवाल्या अजिमभाईंचा मुलगा. आमच्या धंद्याची रीत तुम्ही टेम्पोवाले ओळखूनच असाल. मेकॅनिक गिऱ्हाइकाला दुकानात नेतो, मोठ्याने म्हणतो, “शेठ, भाव नीट लावा,” आणि डोळा मारतो. याचा अर्थ, मी बोललो ते खरं नाही, माझं कमिशन त्यात धरा. तर हे अजिमभाई आमच्या घरी बसून म्हणाले, निकाह मशिदीत, साधा, देणंघेणं काही नको, मंजूर? मी म्हणालो, मंजूर. आणि पापणी लवली. त्यांनी कप खाली ठेवला. मी घाबरून म्हणालो, अगदी मनापासून. पुन्हा लवली. शिरा तसाच टाकून ते उठले, ते अजून निरोप नाही.

त्यांना खरं कारण ठाऊक नाही. कमरुन्निसाने सगळीकडे कानाचं ऑपरेशन सांगितलंय. (डोक्याचं म्हटलं की लोक मुलीच्याही डोक्याची चौकशी करतात.) मीही टोपीखाली टाके झाकून गप्प बसलो. मला फार वाईट वाटतंय, मालोजीराव. माझ्या एका पापणीने पोरीचं जमलेलं लग्न मोडायला आलंय. काल अलमास शांतपणे म्हणाली, “अब्बा, खोटं सांगून जमण्यापेक्षा खरं सांगून मोडलेलं बरं.”

तुमचा
इकबाल

ता. क. : एवढं लांबण लावलं ते यासाठी, की अजिमभाई तुमचा शब्द मानतात. गुडघ्याला चालवेल तर त्यांच्या दुकानी जाऊन सगळं खरं सांगा, मेंदूचंही. मी गेलो असतो, पण मी जितक्या कळकळीने सांगणार तितकी पापणी जास्त लवणार.

ता. क. २ : जाऊ नका. पाकीट चिकटवायच्या आत अजिमभाई स्वतःच आले. अलमासने मोईजला पहिल्या दिवसापासून सगळं सांगितलं होतं. बापाला सांगायचं धाडस त्याला काल झालं. ते माझ्यासमोर बसले, माझा उघडा डोळा जवळून निरखून म्हणाले, “इकबालभाई, आमच्या काउंटरवर कधीच डोळा न मारलेले मेकॅनिक तुम्ही एकटेच. म्हणून तर तुमची मुलगी मागितली होती.” मग कमरुन्निसाच्या हातातली बाटली घेऊन त्यांनीच थेंब घातले. निम्मे कानात गेले. मला हसू आलं, तेव्हा ओठाचा उजवा कोपरा किंचित हलला म्हणे. कमरुन्निसा शपथ घेऊन सांगते.

ता. क. ३ : निकाहला वहिनींना घेऊन यायचंच. गर्दीत माझा डावा डोळा मिटलेला दिसला तर मनावर घेऊ नका. उजवा मिटलेला दिसला, तर मात्र तो मी खास तुम्हाला मारलाय.