घरचं वाक्य, दहा वेळा

२ मार्च
वर्गाला आज सात बाया. ओट्यावर सतरंजी, भिंतीला टेकवलेला शाळेतून मोडीत निघालेला फळा. वेळ ४ ते ५. एकतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, एकाही पोराला धड वाक्य करता आलं नाही. हेडमास्तर म्हणायचे, पोरं पास होतात ना, मग झालं. आता निवृत्तीनंतर ब्राह्मणपुरीच्या बायांना शिकवतोय. समोरच्या पपईवाल्यांच्या घरची पुष्पा येते, सुरतच्या नातवाशी बोलता यावं म्हणून. अंगणवाडीच्या मीनाबाई येतात, मोबाइलवरचे इंग्रजी निरोप कळावेत म्हणून. बाकीच्या या दोघींचं बघून.
साडेचारला सूनबाईने चहा आणून ठेवला, नेहमीप्रमाणे वर बशी झाकून.

४ मार्च
पुस्तक बंद. राम आंबा खातो, याने आजवर कोणाचं भलं झालंय? नवी पद्धत सुरू केली. प्रत्येकीने घरचं एक वाक्य आणायचं, मी त्याचं इंग्रजी करून फळ्यावर लिहिणार. घरी जाऊन ते दहा वेळा मोठ्याने म्हणायचं, जीभ वळेपर्यंत.
आज माय, युवर, हिज, हर. काय कोणाचं, ते आधी. पुष्पाचं वाक्य : माझ्या नवऱ्याच्या भावाच्या बायकोची म्हैस माझ्या दारात बांधलेली असते. मालकी जोडता जोडता फळा संपला. खूप दिवसांनी हसलो.

९ मार्च
बाया म्हणाल्या, सर, तुमच्या घरचंही एक द्या. दिलं. धिस इज माय सन्स हाउस. हे माझ्या मुलाचं घर आहे. खरंच आहे. ही गेल्यावर मीच हेमंतच्या नावावर करून दिलं. कोणी मागितलं नव्हतं, हेही लिहून ठेवतो.
मग परवानगीचा 'मे'. आय मे सिट ऑन द ओटा. मला ओट्यावर बसायची परवानगी आहे. सोफा आल्यापासून माझी वेताची खुर्ची बाहेर असते. बाया हसल्या. हे मराठीत मी कोणापाशी बोललोच नसतो. सुवर्णा, म्हणजे सूनबाई, आत लसूण सोलत होती. तिला इंग्रजी येत नाही. बारावी झाली आहे, पण ती आमच्याच पद्धतीची बारावी.

१३ मार्च
'कॅन'. माय सन कॅन टॉक, बट ही डज नॉट. मुलगा बोलू शकतो, पण बोलत नाही. हेमंत शहाद्याहून, ट्रॅक्टरच्या शोरूममधून, सातला येतो आणि मोबाइल घेऊन बसतो. मीनाबाईंना वाक्य इतकं आवडलं की वहीत दोनदा उतरवलं.
हल्ली सकाळी उठल्यावर आधी वाक्य सुचतं, मग देव आठवतो. रिमोट, बंद केलेला पेपर, जेवताना पाठमोरी बसणारी माणसं. जे सलतं त्याचं वाक्य करायचं. बरं वाटतं. चांगलंच बरं वाटतं.

१८ मार्च
'हॅव टू'. करावंच लागतं, दुसरा इलाज नाही, अशा ठिकाणी. चांगलं उदाहरण सुचेना. शेवटी लिहिलं : आय हॅव टू आस्क माय डॉटर-इन-लॉ फॉर टी. मला सुनेकडे चहा मागावा लागतो. वाक्य झकास बसलं. बाया आधी माझ्याकडे, मग एकमेकींकडे बघून हसल्या. साडेचार होऊन गेले होते. कप शेजारीच होता.

२० मार्च
संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालो. पुष्पा नळावर भांडी घासता घासता तेच चहाचं वाक्य म्हणत होती. दोन घरं सोडून आणखी एकजण. पीठगिरणीपाशी मीनाबाई. उच्चार स्वच्छ, कुठे अडखळणं नाही. एकतीस वर्षांत हे ऐकायला मिळालं नव्हतं. छाती भरून आली. हेडमास्तर हयात असते तर हात धरून आणलं असतं.

२३ मार्च
साडेचारला चहा नाही. बाया गेल्यावर आत डोकावलो. गॅस बंद, सुवर्णा बॅग भरत होती. म्हणाली, आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, माहेरी जाते, खापरला. मी म्हटलं, आखाजीला अजून महिना आहे. "शे," आहे, एवढंच म्हणाली. हेमंत सोडून आला. आल्यावर माझ्याकडे बघितलंही नाही.

२४ मार्च
हेमंत शेवटी बोलला. सुवर्णाने पुष्पाला विचारलं होतं, तुम्ही सगळ्या नळावर हे काय म्हणत असता. पुष्पाने वही उघडून सगळ्यांचा अर्थ सांगितला, घर, ओटा, चहा, सगळं. बरोबरच सांगितला असणार, हुशार आहे ती.
"तिले गावमा तोंड दखाडाले जागा नही ऱ्हायनी, आबा."
मी विचारलं, मी खोटं काय लिहिलं? तो उठून गेला. संताप झाला. सासऱ्याने ओट्यावर बसून दोन वाक्यंसुद्धा लिहायची नाहीत का?

३० मार्च
आठवडा झाला. दोघांची खिचडी, तीही कधी करपलेली. गावात विचारतात, हेमंत सांगतो आखाजीला गेली. एवढ्या लवकर? तो हसल्यासारखं करतो.
आज हेमंतला दाखवायचं म्हणून ही वही काढली. म्हटलं, तारीखवार वाचून दाखवतो, काय काय सहन करतोय ते. पहिलंच पान, २ मार्च. माझ्याच अक्षरात : साडेचारला सूनबाईने चहा आणून ठेवला, नेहमीप्रमाणे वर बशी झाकून. मग १८ मार्च. कप शेजारीच होता.
वही दाखवली नाही. मिटून ठेवली. लाज वाटली, आणि त्या लाजेचाही राग आला.

६ एप्रिल
खापरला जाऊन आलो. शहादा, तळोदा, अक्कलकुवा, तीन एसट्या, डोक्यावर ऊन. व्याही शेतात गेलेले. सुवर्णाने पाणी दिलं आणि दाराशी उभी राहिली.
मी सांगायला लागलो. ती फक्त उदाहरणं होती. शिकवताना घ्यावी लागतात. त्यात माणसाचा संबंध नसतो. बोलताना माझं मलाच ते वर्गातल्यासारखं वाटत होतं. तिने सगळं ऐकून घेतलं.
"आबा, माले इंग्रजी समजस नही. बाया हासतस, ते समजस."
"खुर्चीनं खरं शे. ती मीच बाहेर काढी. पन कोनता दिन तुम्हले चहा मांगना पडना?"
ती या घरात आल्यापासूनच्या सात वर्षांत एकही दिवस आठवला नाही. ती आत गेली. मला वाटलं, संपलं. दहा मिनिटांनी चहा आणला, वर बशी झाकलेली. न मागता. तो चहा मी कसा प्यायलो ते मलाच ठाऊक.
निघताना विचारलं, घरी कधी येणार. म्हणाली, "आखाजी व्हऊ द्या. मंग दखू."

८ एप्रिल
वर्ग सुरू होताच बायांना सांगितलं, चहाचं वाक्य खोटं होतं.
कोणी चकित झालं नाही. पुष्पा म्हणाली, "आम्हले ठाऊक व्हतं, सर. कप ते समोरच ऱ्हाये."
मग सांगितलं का नाही? तुम्ही लिहिलेलं कसं खोडायचं, म्हणाली. मग गावभर म्हणत का सुटलात? तर म्हणते, दहा वेळा म्हणायचं तुम्हीच सांगितलं होतं. माझी एकतीस वर्षांची सगळी शिकवण या बाईने दोन उत्तरांत माझ्या पदरात टाकली.
नवं वाक्य लिहून दिलं. शी नेव्हर मेड मी आस्क. तिने मला कधीच मागायला लावलं नाही. हेही दहा वेळा म्हणा, मोठ्याने, नळावरसुद्धा. बायांनी मुकाट्याने उतरवून घेतलं.

१० एप्रिल
काल आणि आज मुद्दाम नळावरून, गिरणीवरून फिरलो. नवं वाक्य कोणीच म्हणत नव्हतं. मीनाबाईंना विचारलं तर म्हणाल्या, सर, लक्षात राहत नाही. खोटं तीन दिवसांत गावभर झालं. खऱ्याला जीभ वळत नाही.

१९ एप्रिल, आखाजी
हिच्या नावाची, पितरांची घागर मीच भरली. वर ठेवायला डांगर, म्हणजे खरबूज, आणायचं विसरलो, ते पुष्पाने दिलं. दरवर्षी सुवर्णा आदल्या दिवशीच सगळं मांडून ठेवायची, मला नुसतं हात जोडायला बोलवायची, मगच माहेरी जायची. हे कधी लिहिलं नाही. वाक्य करावं असं वाटलंच नव्हतं.
गावात माहेरवाशिणींचे झोके, गाणी. हेमंत म्हणाला, खुर्ची आत घेऊ का? नको म्हटलं. तिने ठेवली आहे तिथे राहू दे.

२३ एप्रिल
माहेरी गेलेल्या सुना परतायला लागल्या. कालच्या एसटीने दोन, आजच्या दुपारच्या एसटीने तिघी. हेमंत सकाळी फोनवर बोलत होता, मी जवळ गेल्यावर मागच्या दाराने बाहेर गेला. काय ठरलं ते विचारायचा मला हक्क नाही, म्हणून विचारलं नाही.
वर्गात 'विल' आणि 'मे'. होणारच, तिथे विल. होईल किंवा होणारही नाही, तिथे मे. घरची उदाहरणं मी आता देत नाही. म्हटलं, जिचं तिने करा.
बाया गेल्यावर तिथेच खुर्चीत बसून राहिलो. सहाची एसटी आली तशी गेली, आपल्याकडचं कोणी उतरलं नाही. समोर नळावर पुष्पा भांडी घेऊन बसली आणि आपलं वाक्य म्हणायला लागली. सर्स डॉटर-इन-लॉ मे कम बॅक. सरांची सून कदाचित परत येईल.
विल म्हण, असं इथूनच ओरडून सांगावंसं वाटलं. पण तिचं वाक्य बरोबर आहे. दहा वेळा म्हणाली. मी मोजत होतो.