कागदावरचा पगार

३ मार्च
बायको मुलीला घेऊन माहेरी गेली ती गेलीच. आज घटस्फोटाची नोटीस. वर पोरीच्या पोटगीची मागणी. म्हणे शाळा, डॉक्टर, कपडे. आठ वर्षांच्या पोरीला लागतं तरी किती?
वकील करायचा नाही. शुद्ध लूट. स्वतःची केस स्वतः लढणार. चार व्हिडिओ बघितले. कायद्यात फारसं काही नाही.

९ मार्च, दुपारी
मास्टरस्ट्रोक! पोटगी पगारावर ठरते. मग पगारच कमी करायचा. शोरूममध्ये सोफे खपतात ते माझ्या जिभेवर. मालकांना म्हटलं, कागदावर निम्मा करा, उरलेला रोख द्या. लगेच हो म्हणाले. कागदावर माझी सहीही घेतली. दिलदार माणूस.

२ एप्रिल
पगार आला. निम्मा. रोखीचं विचारलं, तर मालक म्हणाले, कसलं रोख? चेष्टा करत असावेत.

१८ एप्रिल
ताईचा फोन. म्हणाली, अरे, तुझीच पोर आहे, दे की. ताईला व्यवहार कळत नाही. सांगितलं, मी पोरीचा ताबाच मागणार, म्हणजे पोटगी उलट मलाच मिळेल. ताईनं फोन ठेवला. निरुत्तर झाली.

६ मे
कोर्ट. सोफा विकतो तसा बोललो, अस्खलित. न्यायाधीशबाईंनी विचारलं, ताबा मागताय, मुलगी कितवीत आहे? दुसरीत म्हणालो. बायको हळूच म्हणाली, तिसरीत. सापळाच होता.
मग तिच्या वकीलबाईंनी माझा फेसबुकवरचा फोटो पुढे केला. नवी कोरी मोटरसायकल, खाली माझंच वाक्य: 'मेहनतीचं फळ'. न्यायाधीशबाईंनी विचारलं, नोटीस आली आणि आठवड्यात पगार निम्मा? म्हणालो, बाजारात मंदी आहे. बाईंना विनोदबुद्धी नाही.

२० जून
निकाल. पोटगी जुन्या पगारावर. द्यायची नव्या पगारातून. ताबा आईकडे, मला रविवारचे दोन तास.
मालकांकडे जुना पगार मागितला. म्हणाले, मंदी आहे असं तुम्हीच कोर्टात सांगून आलात ना? मोटरसायकल विकायला काढली. नाहीतरी चालणं तब्येतीला चांगलं.

७ जुलै, रविवार
पहिली भेट. खोली झाडून ठेवली होती. पोर खुर्चीच्या कडेवर बसली. बूट काढले नाहीत. शाळा कशी आहे विचारलं, छान म्हणाली. आठवण येते का विचारलं, 'हो, थँक यू' म्हणाली. मग दोघं पंख्याकडे बघत बसलो.
तिची आई न्यायला आली तेव्हा पोर दारात थांबून म्हणाली, 'बाबा, पुढच्या रविवारी नाही आले तर तुम्हाला चालेल का?'
चालेल म्हणालो.
पूर्वी 'ए बाबा, तू' करायची. आता अहो-जाहो करते. आदर वाढलाय.