निळ्या काठाचं भांडं

प्रिय लुरीन,

गेल्या रविवारी उपासनेनंतर चर्चच्या तळघरात सगळ्यांनी घरून आणलेल्या पदार्थांचं जेवण होतं. बटाट्याच्या सॅलडचा पहिला घास घेतला आणि थबकलो. मोहरी इतक्या सढळ हाताने फक्त आई घालायची. भांडं कुणाचं, म्हणून तळाशी चिकटवलेलं नाव वाचायला मी ते उचललं, तर अर्धं सॅलड पाळकबाईंच्या बुटांवर.

"ऑर्विल, जेवायला आलायस की झडती घ्यायला?" टेबलापाशी वाढत असलेली मोझेल म्हणाली.

तळाशी आईचं नाव होतं, तिच्याच अक्षरात. आई जाऊन अकरा वर्षं झाली, आणि तिची भांडी तू नेली होतीस.

"हे कुणी आणलं?"

"शेवटचं गीत चालू असताना मी खाली आले, तेव्हा मागच्या पायरीवर होतं. खा मुकाट्याने."

आईचा पियानो तुला न विचारता मी चर्चला देऊन टाकला, तेव्हापासून तू नदीपलीकडच्या बाप्टिस्ट चर्चमध्ये जातेस. मग त्या पायरीवर किती वेळ थांबली होतीस? पियानो ऐकलास का?

शाळेत कविता म्हणताना मी अडलो, की मागच्या बाकावरून तू हळूच पुढची ओळ सांगायचीस. आज 'चुकलो' या शब्दापुढे अडलोय आणि मागे कुणी नाही. म्हणून हे पत्र पाठवायचं राहू दे, समोर येऊनच सांगतो. भांडं धुऊन ठेवलंय. आपल्याकडे ते रिकामं परत करत नाहीत. आईच्या झाडाची नासपती भरून उद्या तुझ्या ओट्यावर आणतो. तुझ्यासारखा ठेवून पळणार नाही, दार वाजवीन.

तुझा दादा,
ऑर्विल