शिफा कोणाच्या हाती

मी, कुलसुम मन्सूर होडेकर, वय छप्पन्न, धंदा शिवणकाम, राहणार राजिवडा, रत्नागिरी, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. करून बघावी कोणी! डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. तो खोटा आहे असं म्हणणाऱ्या बाईसाठी कलम चार लिहिलं आहे.

कारण असं की, येत्या मंगळवारी मुंबईला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, "घाबरण्यासारखं काही नाही." लगेच पुढे म्हणाले, "पण घरचं सगळं नीट आवरून या." ते दुसरं वाक्य ऐकून मी थेट वकिलांची पायरी चढले. मला भीती वाटते, हे इथेच लिहिते, मागाहून कोणी कुलसुम वाघीण होती वगैरे सांगू नये. मरणाची वाटते. आणि त्याहून जास्त याची वाटते की माझ्यामागे माझी दोन लेकरं एकमेकांचं तोंड बघणार नाहीत. हा सगळा कागद त्या एका गोष्टीसाठी आहे. घर आणि भांडी ही निमित्तं.

कलम १. वारस. माझे पती मन्सूर बोटीवर इंजिनात होते, ते अल्लाला प्यारे झाले. मागे मुलगा अमन, दोह्याला एसी दुरुस्तीच्या कामावर, आणि धाकटी मुलगी झरीन, चिपळूणला शाळेत शिकवते. या दोघांशिवाय मला वारस नाही. दिरांनी उगाच आशा धरू नये.

कलम २. घर. राजिवड्याचं घर मन्सूरनी हयातीतच हिबा, म्हणजे बक्षीस, करून माझ्या नावावर केलं होतं. ते शरियतप्रमाणे वाटावं, मुलाचे दोन हिस्से, मुलीचा एक. त्यात माझं काही चालत नाही आणि मी चालवूही बघत नाही.

पण फाटकावरच्या पाटीबद्दल लिहायलाच हवं, कारण सगळा जाळ तिथूनच लागला. अमनने गल्फच्या कमाईवर वरचा मजला चढवला आणि एका सुट्टीत संगमरवरी पाटी आणली, "अमन मंझिल". आमच्या मोहल्ल्यात गल्फवाले असंच करतात, त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. झरीन ईदला आली, पाटी वाचली आणि फाटकातच उभी राहिली. "अब्बांचं नाव कुठे गेलं?" अमन म्हणाला, "अब्बांच्या नावाने छप्पर गळत होतं, ते मी बंद केलं." झालं! शीरखुर्मा चुलीवर राहिला. झरीन आल्या पावली चिपळूणला परतली आणि त्या ईदपासून बहीण-भाऊ बोलत नाहीत. पाटीचं काय करायचं ते मी ठरवत नाही. दोघांनी मिळून ठरवावं, नाहीतर पाटी काढून भिंत तशीच ठेवावी.

कलम ३. पायाने चालवायचं शिवणयंत्र शेजारीण सावित्रीला द्यावं. माझी मोठी कात्री गेली कित्येक वर्षं तिच्याकडेच आहे, तेव्हा जोडी पूर्ण होईल. मी ती मागितली नाही, याचा अर्थ मी विसरले असा तिने घेऊ नये.

कलम ४. माझी जाऊ नबीला गावभर सांगते की, "कुलसुमचं डोकं फिरलंय, या वयात राक्षसांशी खेळते, घरात सैतान आणला आणि त्याने तिची झडप खाल्ली." डॉक्टर सांगतात की झडप लहानपणच्या सांध्यांच्या तापाने बिघडली. नबीलाला माझा जुना हेडफोन द्यावा. तो कानाला लावला की तोंड बंद ठेवून दुसऱ्याचं ऐकून घ्यावं लागतं. तिला या वयात ती सवय लागली तर माझ्या कबरीला थंडावा मिळेल.

कलम ५. शिफा. हे खरं कलम. वकील झैन मुकादम यांनी तीनदा सांगितलं की हे लिहू नका. मी लिहिते.

ब्रॉडबँड आलं त्या वर्षी अमनने घरात कॉम्प्युटर बसवला, कॅमेऱ्यातून बोलता यावं म्हणून. बोलणार काय? "जेवलीस?" "जेवले. तू?" "जेवलो." मग दोघंही एकमेकांकडे बघत बसायचो, आणि तो म्हणायचा, "चल, ठेवतो." म्हणून त्याने तो खेळ घातला, ज्यात जगभरची माणसं आपापल्या घरी बसून एकत्र राक्षस मारतात. मी म्हटलं, "मेल्या, मला कोंबडी कापवत नाही." तो म्हणाला, "अम्मी, तुला मारायचं नाही. आम्ही मारतो, तू आम्हाला जिवंत ठेव." त्याला हीलर म्हणतात. पांढरा झगा, हातात काठी. मी तिचं नाव शिफा ठेवलं, म्हणजे दुखण्यातून बरं होणं.

न खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. प्रत्येकाच्या डोक्यावर हिरवी पट्टी असते, तो त्याचा जीव. फटका बसला की पट्टी आखडते, पिवळी होते, लाल होते, संपली की माणूस पडला. मी दवा टाकली की पट्टी भरते. पण दवेलाही माप आहे, माझी निळी पट्टी संपली की शिफा नुसती काठी घेऊन उभी. आमच्या टोळीत अमन ढालवाला, सगळ्यांत पुढे, राक्षसाचे फटके अंगावर घेणारा. शेजारचा नितेश, मिरकरवाड्याच्या बर्फाच्या कारखान्यात हिशेब बघतो, तो तिथे आगीचे गोळे फेकतो. पाचवा कोणी ना कोणी मिळतो. आणि तिरंदाज झरीन.

झरीन कशी आली? तिचे फोन मी उचलेनाशी झाले, कानाला हेडफोन ना! एक दिवस ती चिडून स्वतःच खेळात शिरली. "अम्मी, तू इथेच भेटणार असलीस तर हे घे, आले." अमनला कळलं, पण तो सोडून गेला नाही. आधी कोण सोडतो याचीच दोघं वाट बघत होती. तेव्हापासून दर शुक्रवारी, दोह्यात अमनची जुम्म्याची नमाज झाली की, आम्ही जमतो.

आणि बोलणं कसं, तर असं. "अम्मी, तिला सांग, बाण आत्ता नको." "अम्मी, त्याला सांग, मला दिसतंय." अरे, दोघांच्या कानात तोच आवाज पडतोय, मध्ये मला कशाला टपालवाली करता? इकडे राक्षस तोंडाशी, माझी बोटं दवेवर, आणि मी आपली निरोप पोचवतेय.

झरीनची माझ्यावर तक्रार आहे, तीही लिहिते. दोघांच्या पट्ट्या एकदम लाल झाल्या की मी दवा अमनला टाकते. ती पडते. दर वेळी तीच पडते. "घरात दोन हिस्से त्याचे, इथेही त्याचेच," ती म्हणाली. बाई गो, ढाल पडली की मागचे चौघंही पडतात, हा खेळाचा नियम, तुझ्या आईचा नव्हे! हे मी तिला सांगितलं. तिला पटलं. आणि तरी ती रडली. मी हेडफोन काढून ठेवला आणि मीही रडले.

तर आता कलम. माझ्यामागे शिफा झरीनला मिळावी. पासवर्ड नितेशला ठाऊक आहे. अमनला शिफा देऊन उपयोग नाही, तो पुढे उभा राहणारा. झरीनला देण्याचं कारण एकच. शिफा जिच्या हाती, तिला अमनच्या पट्टीवरून नजर काढता येत नाही. त्याला ओरखडा निघाला तरी तिला कळतं. आणि त्याला मागे न बघता उभं राहावं लागतं, बहिणीच्या भरवशावर. चार शुक्रवार हे केलं की पाटीबिटी आपोआप सुटेल, असा माझा हिशेब होता.

झैन वकील म्हणाले, "आपल्यात वारसाला वसीयत करता येत नाही. करायचीच तर दुसऱ्या वारसाची संमती लागते, तीही तुमच्या पश्चात." मी म्हटलं, "म्हणजे शिफा झरीनला मिळायला अमनने हो म्हणायला हवं?" "हो." "तिने त्याला विचारायला हवं?" "अर्थात." मी म्हटलं, "वकीलसाहेब, मग तर हे लिहायलाच हवं!" ते म्हणाले, शिवाय खेळाच्या कंपनीच्या नियमात खातं दुसऱ्याला देता येत नाही. कंपनीने खुशाल कबरस्तानात येऊन माझ्याशी वाद घालावा.

आता काल शुक्रवारी जे झालं ते, कारण त्याने या कलमाला अडचण आली आहे.

काल आम्ही तिमुख्यावर गेलो. तळ्यात राहणारा तीन तोंडांचा राक्षस, इंग्रजी नाव माझ्या तोंडात बसत नाही. दोन महिने तो आम्हाला लोळवतोय. मंगळवारच्या आधी तो मारायचाच, असं मी मनाशी धरलं होतं. डॉक्टरांनी सांगितलेलं, उत्तेजना नको. नितेश म्हणाला, "चाची, आज राहू दे ना." मी म्हटलं, "तू तुझे गोळे फेक."

सुरुवात चांगली झाली. अमन ढाल रोवून उभा, झरीनचे बाण बरोबर मधल्या तोंडात. तिमुख्या अर्ध्यावर आला. तेवढ्यात वीज गेली. लोडशेडिंग! इन्व्हर्टरने उचलून धरलं, पण त्याची बॅटरी जुनी, तो कुईं कुईं करायला लागला. तिमुख्याने विष सोडलं. नितेश पिवळा, झरीन पिवळी, अमन लाल. मी अमनला दवा टाकली. विष पुन्हा. झरीन लाल, अमनही परत लाल. माझ्या छातीत कळ आली, डावा हात जड झाला. "अम्मी, त्याला सांग मागे सर!" "अम्मी, तिला सांग मी मागे सरलो तर तो तुझ्यावर येईल!" माझी निळी पट्टी एका थोरल्या दवेपुरती उरली होती. दोघं लाल. इन्व्हर्टर ओरडतोय. मी कधी नव्हे ते झरीनला दवा टाकली.

का टाकली? कोणी विचारू नये. हात गेला तिकडे.

आणि हीलरला पहिल्या दिवशी शिकवतात ती गोष्ट मी विसरले. जास्त दवा टाकली की राक्षस ढालवाल्याला सोडून दवावालीवर येतो. शिफाची स्वतःची पट्टी मी बघितलीच नव्हती. कधीच बघत नाही. अमन किंचाळला, "अम्मी, स्वतःला लाव! आधी स्वतःला लाव!" लावायला काय उरलं होतं? तिमुख्या वळला आणि शिफा पडली. मग अमन. मग नितेश, पाचवा आणि शेवटी झरीन.

त्या खेळात मेलेली माणसं भुतं होऊन कबरस्तानात उभी राहतात. आम्ही पाचही भुतं तिथे उभी.  माझा श्वास सगळ्यांच्या कानात जात होता, मला तो थांबवता येईना. अशा शांततेत आई बोलली तर मुलं ऐकतात, म्हणून मी मसुदा घेतला आणि हे कलम वाचून दाखवलं, शिफा झरीनला, अमनच्या संमतीने.

 अमन म्हणाला, "मी संमती देणार नाही."

 माझ्या अंगाचा भडका उडाला. "का रे? सख्ख्या बहिणीला एवढंसं द्यायला तुझं काय जातं? आईच्या मौतीवरही..."

 तो म्हणाला, "झरीन, ऐकतेस? अम्मीने काही कागद पुढे केला तर सही करू नकोस."

झरीन म्हणाली, "नाही करत, भाई. तूपण करू नकोस."

"मंगळवारसाठी कोण जातंय तिच्याबरोबर?"

"मी. रजा टाकलीय. तुला सुट्टी मिळेल?"

"मिळेल, नाहीतर नोकरी सोडून येतो. रक्त लागणार असेल. तुझा गट कुठला?"

मी म्हटलं, "अरे, मी इथेच आहे!" कोणी लक्ष दिलं नाही. गाडी कुठली, हातखंब्याच्या हायवे नाक्याला किती वाजता पोचायचं, हॉस्पिटलात रात्री कोण थांबणार, सगळं माझ्या डोक्यावरून. मध्येच मी म्हटलं, "अमन, झरीनला सांग..." दोघं एकदम म्हणाली, "अम्मी, तू गप्प बस."

वकील म्हणतात, एका वारसाने आत्ताच नकार दिला आहे, जिला द्यायचं तीही घ्यायला तयार नाही, तेव्हा कलम पाच निकामी आहे, खोडून टाका. मी खोडणार नाही. भीती अजून आहे, अक्षरावरून कळेलच. पण कलम राहील. मी परत आले तर माझी शिफा माझ्याकडे. नाही आले, तर हे कलम अमन आणि झरीनने एकाच टेबलाशी शेजारी बसून, स्वतःच्या हाताने खोडावं.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी ॲड. झैन मुकादम यांनी करावी. वर लिहिलेलं मी वाचून पाहिलं, बरोबर आहे, आणि खालील दोघांच्या समक्ष सही केली.

ठिकाण: राजिवडा, रत्नागिरी
तारीख: २३ फेब्रुवारी २००८, शनिवार

सही: कुलसुम मन्सूर होडेकर

साक्षीदार:
१. नितेश काशीराम भाटकर, शेजारी
२. ॲड. झैन मुकादम (कलम पाचबद्दलचा माझा सल्ला मानला गेलेला नाही, याची नोंद असावी.)